बशी हलणार नाही

...नाही, पण तुम्हीच सांगा मला, एक बशी! मातीची, कुंडीखाली ठेवतात तसली, काठाचा टवका उडालेली एक बशी माणसाने स्वतःच्या व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली, तर कुणाच्या बापाचं काय जातं? आणि बशीत तरी काय, मूठभर बिया आणि सफरचंदाची एक फोड. सुरुंग नव्हता ठेवला मी! पण आमच्या बॅनक्सिया कोर्टच्या रहिवासी समितीला विचाराल, तर या बशीपायी आम्हा म्हाताऱ्यांची अख्खी वसाहत, क्लबघरासकट आणि हिरवळीसकट, रसातळाला चालली आहे, आणि तिला तिकडे ढकलत नेणारा इसम म्हणजे मी, नेव्हिल प्राऊस! "शुक्रवारपर्यंत बशी काढावी." नोटीस! दारावर! चिकटपट्टीने चिकटवलेली, माझ्या नव्या रंगावर! मी तिथल्या तिथे माझ्या बायकोला सांगितलं, "म्युरिअल, जग इकडचं तिकडे होईल, पण बशी हलणार नाही!"

"बरं," म्युरिअल म्हणाली, "आधी पाय पुसून आत ये."

तुम्हाला सांगतो, मी मुळात भांडखोर माणूस नाही. मुराबिंडीच्या कौन्सिलात आयुष्यभर कारकुनी केली मी, कुत्र्यांचे परवाने आणि तुंबलेली गटारं, आणि कारकून कधी भांडत नाही, कारकून म्हणतो "पुढच्या बुधवारी या," आणि समोरचा माणूस स्वतःशीच भांडत घरी जातो. आणि पक्ष्यांचं म्हणाल, तर मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. गळ्यात दुर्बीण, अंगात खाकी चड्डी, चिखलात पोटावर पडून "श्श्श... ऐकलंत? ऐकलंत?" करणारी जमात वेगळी. मी त्यातला नव्हे. मला गुडघे आहेत. मी आपला निवृत्त झालो, आम्ही या वसाहतीत राहायला आलो, आणि पहिल्याच जुलैत, जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, एका सकाळी मी व्हरांड्यात चहा पीत, आता यापुढे माणसाने नेमकं करायचं काय असतं, याचा विचार करत बसलो होतो...

...आणि तो आला.

आता तो कसा आला, हे तुम्हाला कसं सांगू? दव गोठून हिरवळ पांढरी पडलेली, झाडं राखाडी, आभाळ राखाडी, माझा घरातला झगा राखाडी, झग्यातला मीही राखाडीच, आणि या सगळ्या राखाडीत कुणीतरी एकदम शेंदराचा डबा उपडा केला! किंग पॅरट हो! नर! डोक्यापासून पोटापर्यंत लालभडक, पंख असे हिरवे की ओले वाटावेत, पंखावर फिकट पोपटी पट्टा, आणि पाठ फिरवली की कमरेशी गडद निळा. इतके रंग एका अंगावर घालून आमच्या गावात दुसरं कुणी हिंडलं असतं तर लोकांनी खिडक्या लावून घेतल्या असत्या! बसला कठड्यावर. माझ्यापासून हातभर. माझ्याकडे आधी एका डोळ्याने पाहिलं, मग मान फिरवून दुसऱ्याने पाहिलं, पहिल्या डोळ्याच्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसला नसावा. मी बिस्किटाचा तुकडा पुढे केला, तर आतून म्युरिअल ओरडली, "बिस्किट नको देऊस त्याला, मूर्खा, पोट बिघडेल! सफरचंद दे!" फोड दिली. त्याने ती एका पायात धरली, दुसऱ्या पायावर उभा राहिला, आणि कुरतडायला लागला, सावकाश, व्यवस्थित, लग्नाच्या पंगतीत वरपक्षाचा माणूस जेवतो तसा!

मी चहा प्यायचा विसरलो. मी! ज्याने कौन्सिलाला आग लागली तेव्हा आधी कप रिकामा केला होता!

दुसऱ्या दिवशी परत हजर. तिसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला, तर गडी खिडकीशी येऊन, काचेवर चोच टेकवून, आत बघतोय! तुम्हाला काय वाटेल ते वाटो, पण आयुष्यभर काउंटरपलीकडच्या माणसांनी मी कधी एकदाचा उठून जातोय याची वाट पाहिली. मी येण्याची वाट बघणारा हा पहिलाच. लाल झगा, हिरवी शाल, आणि खाताना उपकार केल्यासारखा चेहरा, म्हणून मी त्याचं नाव बिशप ठेवलं. मग त्याची बायको यायला लागली, साधी, हिरवी, अबोल, पण चांगली फोड कुठली हे तीच ठरवायची. मग रोझेला, पोपटांच्याच जातकुळीतल्या, पिवळ्या-निळ्या-लाल, ठिगळं लावून शिवल्यासारख्या. म्युरिअल रोज बशी उकळत्या पाण्याने घासायची, कारण घाणेरड्या बशीने पाखरं आजारी पडतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. माझी ताटली ती इतकी कधी घासत नाही. पण सकाळी सकाळी आम्ही दोघं शेजारी शेजारी, न बोलता, बघत बसायचो हो! लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर न बोलता बसायला काहीतरी कारण लागतं, नाहीतर त्याला अबोला म्हणतात.

आणि ही बशी काढा म्हणे! का? तर काकाकुवे!

त्याचं असं झालं की आमच्या क्लबघराच्या ओसरीत बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, विजेत्यांची नावं कोरलेला फळा होता. लाकडी, सोनेरी अक्षरं. आता काकाकुव्याला लाकूड दिसलं की त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पोट भरायला नाही, मौज म्हणून! बाहेरून पांढरेशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा, आणि आतून सुतारकामाचं दुकान! एका दुपारी टोळकं आलं आणि अर्धा फळा भुगा करून गेलं. आणि कुठला अर्धा? तर ज्यात क्लॅरेन्स कोलथॉर्प, ओळीने सगळ्या वर्षांचा विजेता, आता कैलासवासी. आणि क्लॅरेन्सची बायको कोण? इनिड कोलथॉर्प! आमच्या समितीची अध्यक्षा! समोरच्याच घरात राहते, मधे फक्त हिरवळ. आयुष्यभर इस्पितळात मेट्रन होती. अजून बोलते ते पेशंटशी बोलल्यासारखं. "मिस्टर प्राऊस, तुम्ही बिया ठेवता, बियांना काकाकुवे येतात, काकाकुवे आले की फळा जातो. समजतंय का तुम्हाला? हो की नाही तेवढं सांगा."

मी म्हटलं, "इनिड, माझ्या बशीत आजवर एकही काकाकुवा बसलेला नाही. बिशप बसतो."

"कोण बिशप?"

"त्याला उगाच मधे आणू नका."

सभा बोलावली! आमच्याकडे सभा म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ करून आणायचा, नारळाच्या किसात लोळवलेले केकचे चौकोन, काकडीचे सँडविच, आणि सभा संपली की मांसाच्या ट्रेची सोडत. त्यामुळे सभेला सगळे येतात आणि विषयाकडे कुणाचंही लक्ष नसतं, सगळ्यांचे डोळे ट्रेमधल्या चॉप्सवर. मी उभा राहिलो. मी म्हणालो, "मित्रहो, आज बशी जाईल, उद्या कुंडी जाईल, परवा तुमची खुर्ची..." तर मागून स्टाव्रोस, तो आमच्या शेजारच्या घरातला, टोमॅटोवर जाळ्या घालून त्या जाळ्यांवर आणखी जाळ्या घालणारा, ओरडला, "नेव्हिल, बाबा, आटप! मांस गरम होतंय!" झालं! हात वर! ठराव पास! 'व्हरांड्यात अथवा बाल्कनीत पक्ष्यांसाठी अन्नाचं कोणतंही भांडं ठेवू नये.' आणि चॉप्स कुणाला लागले? इनिडला!

घरी आलो. ठरावाचा कागद वाचला. परत वाचला. आणि तुम्हाला सांगतो, कारकुनाच्या मनात एखादा कागद वाचताना जो काही उजेड पडतो ना, तो साधुसंतांनाही क्वचित मिळतो. 'ठेवू' नये! म्युरिअलला हाक मारली, "म्युरिअल! ठेवू नये म्हटलंय! धरू नये कुठे म्हटलंय?"

"अरे देवा," म्युरिअल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात उभा. झगा घालून, हात सरळ पुढे, आणि हातात बशी. ठेवलेली नाही! धरलेली! बिशप आला, कठड्यावर बसला, एका डोळ्याने बघितलं, दुसऱ्या डोळ्याने बघितलं, आणि हो... टुणकन उडी मारून बशीच्या काठावर! माझ्या बोटावर त्याची नखं! गार, कोरडी, आणि वजन म्हणाल तर काहीच नाही, एवढा सगळा रंग आणि वजन पाकिटाइतकं! हिरवळीपलीकडून इनिड बघत होती. आली चालत, दवात चपला भिजवत.

"मिस्टर प्राऊस, हात खाली घ्या."

"हा माझा हात आहे, इनिड. नियमात हाताचं नाव दाखवा."

"किती वेळ उभे राहणार असे?"

"बशी हलणार नाही!" मी म्हणालो. खांदा पेटला होता, मनगट थरथरत होतं, बशीतल्या बिया टाळ वाजल्यासारख्या वाजत होत्या, पण बशी हलणार नाही! आत म्युरिअल मलमाची ट्यूब शोधत होती.

आणि एक गोष्ट तेव्हा मला दिसली होती, नुसती दिसली, कळली नाही. इनिड माझ्याशी भांडत होती, पण बघत होती बिशपकडे. तेही रागाने नाही. शेजारणीच्या अंगावर आपलीच शाल दिसावी, तशी.

परत सभा! परत काकडीचे सँडविच! ठराव दुरुस्त, 'ठेवू अथवा धरू नये'. ठीक आहे! 'भांडं' म्हणालात ना? टोपी हे भांडं आहे का? तुम्ही सांगा! रुंद काठाची माझी गवती उन्हाळी टोपी, तिच्या काठात गोल गोल बिया पसरल्या, ती डोक्यावर घातली, आणि खुर्चीत बसलो, अगदी सभ्य माणसासारखा, हात मांडीवर. आता मला वाटलं होतं बिशप येईल. बिशप येण्याआधी लोरिकीट आले! लोरिकीट म्हणजे तुम्हाला माहीत आहेच, चिमुकले पोपट, निळं डोकं, नारिंगी छाती, हिरवी पाठ, आणि तोंड मासळीबाजाराचं! एक आला, त्याने दोघांना बोलावलं, त्या दोघांनी अख्खं खानदान बोलावलं! डोक्यावर पंचायत भरली हो! किंचाळणं, ढकलाढकली, एक माझ्या कानाला लोंबकळतोय, एकाने चष्म्याची दांडी धरलीय, टोपीचं गवत उपसून उपसून माझ्या मांडीवर पडतंय, आणि वरून जे काय पडतंय त्याबद्दल न बोललेलं बरं. आणि मी? मी न हलता! ताठ! माझ्याच डोक्यावर साक्षात इंद्रधनुष्य भांडत होतं, आणि मला दिसत नव्हतं, पण तुम्हाला खोटं वाटेल, मला हसू आवरत नव्हतं! लहान मुलासारखा खिदळत होतो मी! म्युरिअल दारात उभी राहून पोट धरून हसत होती. स्टाव्रोस जाळीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "नेव्हिल! तुला खाऊन टाकतील! मग माझ्या टोमॅटोंकडे येतील!"

आणि नेमका त्या गडबडीत एक काकाकुवा आला. एकच. खुर्चीच्या हातावर बसला, आजूबाजूला बघितलं, आणि खुर्चीचा हात सोलायला लागला.

इनिड खिडकीतून बघत होतीच!

तिसरी सभा. यावेळी लोक खुर्च्या पुढे ओढून बसले, कारण चॉप्सपेक्षा मीच रंगतदार झालो होतो. ठराव काय झाला, ऐका, कान देऊन ऐका: 'व्हरांड्यात अथवा बाल्कनीत कोणत्याही भांड्यात, वस्तूवर, वस्त्रावर अथवा रहिवाशाच्या कोणत्याही अवयवावर पक्ष्यांसाठी अन्न ठेवू, धरू, पसरू अथवा घालू नये.' अवयवावर! उभ्या कौन्सिलाच्या इतिहासात असा ठराव झाला नाही! फट म्हणून ठेवली नव्हती बाईने. मनातल्या मनात मी टोपी काढली, म्हणजे टोपीचं जे काय उरलं होतं ते.

पण बशी? बशी कठड्यावर तशीच! रिकामी! रिकाम्या बशीला कुठलाही नियम लागत नाही. म्युरिअलला म्हटलं, "बशी हलणार नाही."

"नको हलू दे," ती म्हणाली, पण आवाजात नेहमीची खोच नव्हती.

सकाळी बिशप आला. बशीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. एका डोळ्याने. दुसऱ्या डोळ्याने बघायची त्याला गरज वाटली नाही. उडून गेला.

दुसऱ्या सकाळी आला नाही. तिसऱ्या सकाळी आला नाही. मी चहा घेऊन बसायचो, चहा गार व्हायचा. हिरवळ राखाडी, झाडं राखाडी... असो. तुम्ही म्हणाल, एक पोपट तो काय. बरोबर आहे. एक पोपट तो काय! म्युरिअल म्हणाली, "नेव्हिल, आत ये, गारठशील." मी म्हणालो, "येतो." गेलो नाही.

आता आमच्याकडे एक रिवाज आहे. शेजाऱ्याशी तुमचं कितीही वाकडं असो, बोलाचाली बंद असो, कोर्टकज्जे चालू असोत, पण कचऱ्याची गाडी येऊन गेली, की रस्त्यावरचा त्याचा चाकांचा डबा ओढत नेऊन त्याच्या घरामागे ठेवायचा. का? ते कुणाला माहीत नाही. बाप करत होता म्हणून मुलगा करतो. ज्याचा डबा संध्याकाळपर्यंत रस्त्यावर राहिला, त्याला शेजारी नाहीत असं समजतात, आणि इतकी वाईट गोष्ट आम्ही वैऱ्याबद्दलही होऊ देत नाही. त्या सोमवारी गाडी लवकर आली. इनिडचा डबा बाहेर. मी म्हटलं, नेव्हिल, तत्त्व वेगळं आणि डबा वेगळा. धरला, ओढला, चाकं कुरकुरू नयेत म्हणून जरा उचललाच, कारण तिचं तोंड बघायची इच्छा नव्हती, आणि घराला वळसा घालून मागे गेलो...

...आणि जागच्या जागी थिजलो.

मागच्या पायरीवर इनिड. मेट्रन! गुलाबी झग्यात, केस मोकळे, हातात सफरचंदाची फोड, गुडघ्यावर कोण? बिशप! आणि ही त्याच्याशी बोलतेय, आणि आवाज कसला म्हणता? तो आवाज आमच्या वसाहतीत कुणी ऐकलेला नाही. "हळू खा, क्लॅरी. चावून खा. कोण पळवतंय तुझ्या तोंडचं? हावरट कुठला."

क्लॅरी!

डब्याचं झाकण खाडकन पडलं. माझ्याच हातून.

तिने वर पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल, आता मिस्टर प्राऊस सुरू होणार. मी तोंड उघडलं, माझ्याकडे तर शब्द तयार होते हो, तीन सभांचं उट्टं! "इनिड! नियम!" एवढंच निघालं.

"नियमात व्हरांडा आहे आणि बाल्कनी आहे," ती शांतपणे म्हणाली. "ही पायरी आहे."

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यभर कागद वाचले. तीन वेळा वाचला होता तो ठराव मी! त्यात फट शोधत होतो, आणि जिने लिहिला ती फटीतच बसली होती, सफरचंद घेऊन!

"पण तुझा फळा... काकाकुवे... पाखरांचा एवढा राग..."

"पाखरांचा राग कुणाला आलाय? माझा क्लॅरी गेला त्या हिवाळ्यापासून हा इथे यायचा. रोज. मग तू राहायला आलास आणि बिया दाखवून त्याला पळवलंस. मी ठराव पाखरांविरुद्ध नाही केला, नेव्हिल. तुझ्याविरुद्ध केला."

सांगा आता! मी म्हणालो, "मी सभेत सांगेन."

"सांग ना. मग ते पायरीही बंद करतील. मग तो कुठे जाईल? स्टाव्रोसकडे?"

मी विचार केला. जाळ्या. जाळ्यांवर जाळ्या. बिशप त्या जाळ्यांत. पडलेलं झाकण उचलून डब्यावर लावलं.

बिशप एवढा वेळ आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता, एकीकडे एका डोळ्याने, दुसरीकडे दुसऱ्या डोळ्याने, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की दोन्ही डोळ्यांचं एकमत झालं असावं. मग इनिड पायरीवर जरा सरकली. "उभा काय राहिलास? बस. साखर किती घेतोस चहात?"

तेव्हापासून असं आहे. रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन, मागच्या बाजूने, चोरासारखा, इनिडच्या पायरीवर जातो. म्युरिअल पण येते, बिया घेऊन. बशी मी माझ्या कठड्यावरून उचलून तिकडे नेली, कारण इनिडकडच्या सगळ्या बशा चांगल्या, आणि त्याला टवक्याचीच लागते. तो आता इनिडच्या मांडीवर बसतो. कठड्यावर नाही, माझ्या बोटावर नाही, तिच्या मांडीवर! मी समोर उकिडवा बसून, गुडघे बोंबलत असताना, बशी धरतो. आणि हात जरा थरथरला, की तीच ओरडते, मेट्रनच्या आवाजात, बोट वर करून:

"नेव्हिल! बशी हलता कामा नये!"